दगडाखालची वस्ती



पेणच्या माणसापुढे समुद्राची गोष्ट काढली, तर तो म्हणेल, ‘अहो, आमच्याकडे समुद्र कुठला? आमच्याकडे आहे ती खाडी. भरतीला पाणी चढते, ओहोटीला चिखल उघडा पडतो. बांधाच्या आत भात आणि बांधाच्या बाहेर खारफुटी. एवढाच आमचा समुद्र!’ रोह्याचा माणूसही असेच काहीसे बोलेल. पण रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये समुद्राला मिळते, तिथे कोर्लईच्या किल्ल्याचा डोंगर थेट पाण्यात उतरलेला आहे. पेणहून एस. टी. ने निघालात की तासाभरात अलिबाग येते, आणि तिथे कुलाब्याचा किल्ला खडकावर उभा आहे. ओहोटीला लोक या किल्ल्यात चालत जातात, भरतीला त्याच वाटेवर होड्या चालतात. म्हणजे खडकाळ किनारा आपल्यापासून काही दूर नाही. शाळेची सहल तर दरवर्षी तिथे जातेच.

आज त्याच किनाऱ्यावरच्या एका अगदी लहान रहिवाशाची ओळख करून द्यायची आहे. त्याला पाय नाहीत, कल्ले नाहीत, अंगात रक्त नाही. हाडांचे तर नावच नको. करंगळीच्या नखाएवढ्यापासून दोन-तीन इंचांपर्यंत त्याची लांबी, आणि जाडी म्हणाल तर जाड कागदाएवढी. ओल्या दगडाला चिकटून बसला, की दगडावरचा एखादा डागच वाटावा. शास्त्रज्ञ याला चपटा कृमी म्हणतात. समुद्रातल्या या जातीच्या कृमींच्या आतड्याला खूप फाटे फुटलेले असतात, म्हणून त्यांना ‘बहुशाखी’ असे नाव आहे.

कृमी म्हटले की आपण नाक मुरडतो, आणि त्याला कारणही आहे. या कुळातली काही मंडळी आपल्या चांगलीच परिचयाची आहेत, आणि ती ओळख काही सुखाची नाही. गुरांच्या पोटातला यकृतकृमी याच कुळातला. पाणथळ जागी चरणारी गाय किंवा म्हैस खंगत जाते, तिला हगवण लागते, जबड्याखाली सूज येते. पुष्कळदा त्यामागे हा पानाच्या आकाराचा कृमी असतो. त्याची अंडी शेणावाटे पाण्यात जातात. त्यांतून निघालेले पिल्लू गोड्या पाण्यातल्या गोगलगाईच्या अंगात शिरते, तिथे वाढते, पुन्हा बाहेर पडते आणि गवतावर किंवा भाताच्या ताटावर चिकटून बसते. ते गवत जनावराने खाल्ले की फेरा पुरा झाला. माणसाच्या आतड्यात राहणारा लांबलचक पट्टकृमी हाही याच कुळातला. तेव्हा या घराण्याची बदनामी झाली आहे, हे खरे.

परंतु एका घराण्यात सगळेच सारखे नसतात. समुद्रातला आपला हा बहुशाखी कृमी कोणाच्या पोटात घुसून राहत नाही. तो स्वतंत्र राहतो, स्वतः फिरतो, स्वतः शिकार करतो. माणसाला किंवा गुरांना त्याच्यापासून कोणताही रोग होत नाही. त्याचे सगळे आयुष्य दगडाच्या खालच्या बाजूला, खडकाच्या कपारीत, कालवांच्या शिंपल्यांच्या फटीत जाते.

आता कोणीही विचारील, की तो असा लपून का राहतो? वर एवढा मोकळा खडक पडला असताना दगडाखालीच का?

याचे उत्तर पेणच्या मंडळींनी मलाच सांगावे असे आहे. कारण पेणचे पापड सगळीकडे जातात. पापडाची एक लाटी घ्या आणि तेवढ्याच पिठाचा लाटलेला एक पापड घ्या. दोन्ही एकाच वेळी उन्हात ठेवा. लाटी संध्याकाळपर्यंत आतून ओलीच राहील. पापड मात्र दुपारच्या आत कडक होईल. पीठ तेच, वजनही तेच. मग फरक कशाचा? पापडाला वारा आणि ऊन लागायला जागा जास्त. आपला हा कृमी म्हणजे लाटलेला पापड आहे.

मग तो असा लाटल्यासारखा चपटा झालाच कशाला? तर श्वासासाठी. माशाला कल्ले असतात, आपल्याला फुप्फुसे असतात, आणि तिथे घेतलेला प्राणवायू रक्त सगळ्या शरीरभर पोचवते. या कृमीला कल्ले नाहीत आणि वाहून नेणारे रक्तही नाही. पाण्यातला प्राणवायू त्याच्या कातडीतून सरळ आत झिरपतो. असा झिरपणारा वायू फार खोल जाऊ शकत नाही. शरीर जाड असते तर मधला भाग गुदमरून गेला असता. म्हणून शरीर पातळ. अन्नाचेही तसेच. रक्त नसल्यामुळे अन्न पोचवायचे काम आतड्यालाच करावे लागते, म्हणून पिंपळाच्या पानातल्या शिरांसारखे आतड्याचे फाटे अंगभर पसरलेले. बहुतेकांना तोंड एकच. त्यातूनच अन्न आत जायचे आणि उरलेला चोथाही त्याच वाटेने बाहेर पडायचा.

म्हणजे पाहा, ज्या पातळपणामुळे तो श्वास घेऊ शकतो, त्याच पातळपणामुळे तो चटकन सुकतो. भरतीचे पाणी असेपर्यंत प्रश्न नाही. पण आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा पाणी ओसरते. काळा खडक उन्हात इतका तापतो, की अनवाणी चालवत नाही. अशा वेळी कालव आपले शिंपले घट्ट मिटते आणि आत घोटभर पाणी राखून बसते. गोगलगाय शंखात शिरून दार लावते. खेकड्याला तर अंगावर चिलखतच आहे. या बिचाऱ्याजवळ ना घर, ना दार, ना चिलखत. त्याला एकच उपाय, तो म्हणजे दगडाखालची ओल. तेवढी ओल मिळाली, की पुढची भरती येईपर्यंतचे पाच-सहा तास तो निभावून नेतो.

तेव्हा दगड हे त्याचे घर. आणि घर म्हणजे दगडाची खालची बाजू. आपल्या बोलण्याचा सगळा रोख या एका गोष्टीकडे आहे. तिच्याकडे पुन्हा येऊच. आधी हा गडी खातो काय, ते पाहू.

हा कृमी दिसायला गरीब असला तरी शिकारी आहे. खडकाला चिकटलेले, हलता न येणारे प्राणी हे त्याचे मुख्य अन्न. खडकावरून चालताना पायाला टोचणारे पांढरे, खरबरीत, टोपीसारखे ठिपके तुम्ही पाहिले असतील. त्यांना बार्नॅकल म्हणतात. ते प्राणीच आहेत, आणि खेकड्याचे दूरचे भाऊबंद आहेत. काही चपटे कृमी हे बार्नॅकल खातात. काही जण दगडाला चिकटलेल्या मऊ, पिशवीसारख्या प्राण्यांवर जगतात. काही लहान गोगलगाई गाठतात. आणि काही जातींची नजर असते ती कालवांवर.

कालवांचे नाव निघाले की ही गोष्ट नुसत्या पुस्तकातली राहत नाही. आपल्या किनाऱ्यावर ओहोटीची वेळ साधून कितीतरी बायाबापड्या खडकावर बसून कालवं फोडतात. पाठीवर ऊन, हाताला शिंपल्यांच्या धारेचे ओरखडे, आणि भरती यायच्या आत काम उरकण्याची घाई. त्यांचा त्या दिवसाचा संसार त्या डब्यात गोळा झालेल्या कालवांवर चालतो. त्याच कालवांवर हा कृमीही जगतो. म्हणजे तो त्यांचा वाटेकरी झाला.

एवढेसे मऊ जनावर दगडासारख्या शिंपल्याचे कालव खाते तरी कसे? ते शिंपला फोडत नाही. कालव पाणी गाळून खाण्यासाठी शिंपले किंचित उघडते. त्या फटीतून हा कागदी पाहुणा सरकतो. त्याचे तोंड डोक्याकडे नसते, पोटाखाली मध्यावर असते. त्या तोंडातून लुगड्याच्या निऱ्यांसारखी चुण्या पडलेली एक नळी बाहेर येते, ती कालवाच्या मांसावर पसरते आणि हळूहळू मांस विरघळवून ओढून घेते. लहान, नुकत्याच चिकटलेल्या कालवांना हा धोका अधिक. शेवटी दगडावर राहतो तो रिकामा शिंपला, आणि आत आरामात बसलेला आपला कृमी. त्या रिकाम्या शिंपल्याचा तो बाळंतिणीच्या खोलीसारखा उपयोग करतो. स्टायलोकस नावाच्या कृमींच्या काही जाती अशा शिंपल्यांच्या आत अंड्यांचा पातळ थर घालतात आणि त्यावर पांघरुणासारख्या पसरून राहतात.

अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर कालवांचा मोठा धंदा चाले. तिथे या कृमीला कोळी लोक ‘कालवांची जळू’ म्हणत. वास्तविक तो जळू नव्हे. जळवेच्या अंगावर कडी असतात, तिला चिकटायला वाट्या असतात. याला त्यांपैकी काही नाही. पण धंदा बुडायला लागला की माणूस सापडेल त्याला नाव ठेवतो. पिअर्स आणि व्हार्टन या दोन शास्त्रज्ञांनी या ‘जळवे’चा अभ्यास करून १९३८ साली तो प्रसिद्ध केला. त्यात आपल्या कामाची एक गोष्ट होती. या कृमीला पाण्याचा खारेपणा लागतो. नदीला पूर येऊन खाडीचे पाणी गोडे झाले की तो तग धरू शकत नाही. कालव मात्र शिंपले मिटून गोड्या पाण्याचे काही दिवस काढते.

आता ही गोष्ट जरा कोकणात आणून पाहा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस कोसळतो. अंबा, भोगावती, कुंडलिका दुथडी भरून वाहतात आणि खाड्यांचे पाणी गढूळ, गोडसर होते. ज्याला दार लावता येते, त्याला हा काळ कसाबसा निभतो. ज्याला दार नाही, त्याला तो फार जड. म्हणजे आकाशातून पडणारा पाऊस खडकावरच्या कालवांची राखण करीत असतो, असे म्हणायला हरकत नाही. फ्लॉरिडाच्या अनुभवाची उलटी बाजूही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पाऊस कमी झाला, नदीचे पाणी अडले आणि खाडीचा खारेपणा वाढला, की कालवांच्या शत्रूंना मोकळे रान मिळते. नदीचे पाणी समुद्रात जाते ते ‘फुकट’ जाते, असे आपण सहज बोलून जातो. खडकावरच्या कालवाला विचारले, तर ते असे म्हणणार नाही.

मग प्रश्न येतो, की या कृमीला मारून टाकावे काय? नाही, मंडळी. ज्याला खाणारा कोणीच नाही, तो वाढून वाढून दुसऱ्यांची जागा अडवतो. खडकावरची जागा हीच तिथली जमीन. आपल्या गावात जशी बांधावरून भांडणे होतात, तशी तिथे तळहाताएवढ्या जागेवरून चढाओढ चालते. बार्नॅकल, कालवं, शेवाळ, पिशवीसारखे प्राणी, सगळ्यांना चिकटायला जागा हवी. कृमीने एखादे बार्नॅकल किंवा कालव खाल्ले, की तिथे जागा मोकळी होते आणि दुसऱ्याचे पिल्लू येऊन बसते. शिवाय कृमीलाही खाणारे आहेतच. मासे त्याला टिपतात, खेकडे पकडतात. रिकाम्या शिंपल्यांत लहान खेकडे आणि झिंगे आसरा घेतात. एकाचे उरलेले दुसऱ्याच्या कामी येते. कालवं कमी झाली, तर त्याचा सगळा दोष या कागदी प्राण्यावर ढकलण्याआधी आपण स्वतःचे हात तपासावे: लहान कालवंही फोडून नेली काय? पाण्यात घाण सोडली काय? खडकावर भराव टाकला काय?

या कृमीची पिल्ले कशी असतात, तेही ऐकण्यासारखे आहे. प्रत्येक कृमीत नर आणि मादी दोन्ही एकत्र असतात. अंडी घालतात ती दगडाच्या खालच्या बाजूला, एका थरात, चिकट पदार्थात बसवून. काही जातींत अंड्यातून थेट छोटा कृमीच बाहेर येतो. काही जातींत मात्र वेगळेच पिल्लू निघते. त्याच्या अंगाला चार किंवा आठ पाकळ्या असतात, पाकळ्यांच्या कडेला बारीक केसांची झालर असते, आणि ती हलवीत ते भरतीच्या पाण्याबरोबर तरंगत जाते. आठ पाकळ्यांच्या पिल्लाचे वर्णन योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली केले, म्हणून त्याला म्यूलरचेच नाव मिळाले. काही दिवस असे वाहून झाले की ते खाली उतरते, पाकळ्या आखडून घेते, चपटे होते आणि दगडाखाली आपला संसार थाटते. म्हणजे कोर्लईच्या दगडाखाली जन्मलेल्याचे घर पुढे दुसऱ्याच एखाद्या खडकावर होऊ शकते. त्या खडकावर योग्य जागा मात्र उरलेली असली पाहिजे.

आता शिक्षक मित्रांसाठी थोडे.

मुलांना हा कृमी दाखवायचा, तर आधी ओहोटीची वेळ काढली पाहिजे. त्यासाठी आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब चांगला आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. समजा, द्वितीया आहे. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे भरती दीडच्या सुमारास, आणि ओहोटी त्याच्या सहा तास मागेपुढे, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास. मुलांना गणितही आले आणि सहलही झाली! अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी वर चढते तसेच खालीही दूरवर जाते आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत तेवढे दिसत नाही. हा हिशेब ठोकळ आहे, म्हणून स्थानिक कोळी बांधवांना वेळ विचारून घ्यावी, आणि पाणी फिरले की कितीही मौज वाटत असली तरी मुलांना घेऊन परतावे. पावसाळ्यात तर खडकावर जाऊच नये.

नुसत्या वाळूत किंवा चिखलात हे कृमी शोधून हाती काही लागणार नाही. त्यांना चिकटायला कठीण आधार हवा. जिथे दगडाला कालवं आणि बार्नॅकल चिकटलेली दिसतील, तिथे पाहावे. दोन्ही हातांनी सहज उचलेल एवढाच दगड घ्यावा, ज्याचा तळ ओला आहे, पण चिखलात रुतलेला नाही. दगड उलटला की लगेच हात घालू नये. क्षणभर नुसते पाहावे. एखादा तपकिरी, करडा किंवा ठिपक्याठिपक्यांचा डाग हळूच सरकू लागला, तर तोच आपला पाहुणा. तो चालताना पाय टाकताना दिसत नाही, कारण त्याच्या पोटाखाली डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस असतात. ते वल्ह्यांसारखे हलतात आणि स्वतःच सोडलेल्या बुळबुळीत पट्ट्यावरून तो तेल सांडल्यासारखा वाहत जातो. भिंग असेल तर त्याच्या पुढच्या भागावर काळे काळे बारीक ठिपके दिसतील. ते त्याचे डोळे. दोन-चार नव्हे, पुष्कळ. त्यांनी त्याला चित्र दिसत नाही. उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढे कळते. आणि कळले की तो अंधाराकडे धावतो.

काही चपटे कृमी फार रंगीत असतात. निळे, जांभळे, नारिंगी काठाचे. त्यांना पाहून पुष्कळांना समुद्रातल्या बिनशंखी गोगलगाईचा भास होतो. फरक ओळखायचा तर जाडी पाहावी. गोगलगाईचे अंग मांसल असते, पुष्कळदा तिच्या पाठीवर कल्ल्यांचा तुरा असतो. कृमी कागदासारखा असतो आणि त्याला तुरा नसतो. असे भडक रंग शत्रूला इशारा देण्यासाठी असतात, की ‘मला खाऊ नकोस, पस्तावशील.’ जपानच्या किनाऱ्यावरच्या प्लॅनोसेरा नावाच्या एका चपट्या कृमीच्या अंगात तर फुगू माशात असते तेच जहाल विष सापडले आहे. म्हणून मुलांना बजावून सांगावे, की कृमी हाताने कुस्करायचा नाही, तोंडाला हात लावायचा नाही आणि घरी गेल्यावर हात स्वच्छ धुवायचे.

त्याला उचलायचेच असेल तर नखाने खरवडू नये. तो इतका नाजूक, की फाटतो. चित्रकलेच्या मऊ कुंचल्याने हळूच सरकवून समुद्राच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या बशीत घ्यावा, सगळ्यांनी पाहावा, वहीत चित्र काढावे, आणि पाच मिनिटांत होता तिथे सोडावा. बाटलीत घालून घरी आणू नये. बाटलीतले पाणी गरम होते, त्यातला प्राणवायू संपतो, आणि वर्गात पोचेपर्यंत बाटलीत नुसता चिकट गाळ उरतो. नदीतल्या चपट्या कृमीचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याचा नवा कृमी होतो, असे पाठ्यपुस्तकात मुलांनी वाचलेले असते, आणि तसा प्रयोग इथे करून पाहावा असे एखाद्याला वाटेल. समुद्रातल्या बहुशाखी कृमीच्या बाबतीत ते खरे नाही. त्याच्या कडा पुन्हा वाढतात; पण मेंदूचा भाग गेला, तर नवे डोके येत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचे.

समजा, एका शाळेची चाळीस मुले खडकावर गेली आणि प्रत्येकाने पाच दगड उलटले. दोनशे दगड झाले. मुले पुढे गेली, दगड तसेच उताणे राहिले. काय होते? जी बाजू पिढ्यान् पिढ्या सावलीत आणि ओलीत होती, ती उन्हात आली. तिच्यावरचे चपटे कृमी, त्यांच्या अंड्यांचे थर, पिशवीसारखे प्राणी, हे सगळे पापडासारखे वाळून गेले. आणि जी बाजू उन्हात होती, जिच्यावर हिरवे शेवाळ होते, बार्नॅकल होती, ती खाली दबली. शेवाळाला उजेड नाही, बार्नॅकलना पाणी गाळायला जागा नाही. तीही मेली. म्हणजे एका दगडाच्या दोन वस्त्या होत्या, वरची आणि खालची, आणि एका हाताच्या फिरवण्याने दोन्ही उठल्या. ही गोष्ट एका शाळेची. मासे धरण्यासाठी आमिष शोधणारे, खेकडे शोधणारे, सुटीत मौजेला आलेले, असे सगळे मिळून किती दगड होत असतील!

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. दगड उलटण्याआधी त्याची वरची बाजू कोणती हे पाहून ठेवावे. पाहून झाले की दगड होता त्याच जागी, होता तसाच, हलकेच पालथा घालावा. आदळू नये, खालचे जीव चिरडतील. दगडाखालून निघालेले खेकडे आणि मोठे प्राणी आधी बाजूला सारावे, दगड ठेवावा आणि मग त्यांना त्याच्या कडेशी सोडावे; ते आपले आपण आत शिरतात. आपण कोणाच्या घरी गेलो तर निघताना दार लोटून घेतो. एवढीच ही रीत आहे.

कालवं फोडणाऱ्या आमच्या भगिनींनाही एक विनंती. तुम्हाला किनारा आमच्यापेक्षा अधिक कळतो, त्यामुळे शिकवण्याचा आमचा अधिकार नाही. पण अंगठ्याच्या पेराएवढी लहान कालवं राहू द्यावी आणि एकच खडक दर उधाणाला पार साफ करू नये. खडकाला विसावा मिळाला, की पिल्लांना चिकटायला जागा मिळते, आणि पुढच्या वर्षीचा डबा भरतो.

आणि आपण सगळ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या बंदराजवळ चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली आणि समुद्रात तेल सांडले. त्याचे काळे तवंग आपल्या रायगडच्या किनाऱ्यांनाही लागले. जो प्राणी कातडीने श्वास घेतो, त्याच्या अंगावर तेलाचा पापुद्रा बसणे म्हणजे आपल्या नाकातोंडावर हात दाबण्यासारखे आहे. मोठ्या जहाजांचे तेल आपल्या हातात नाही. पण होडीच्या इंजिनातले जुने तेल, नाल्यातून जाणारे रसायन, गावचा कचरा हे पुष्कळ अंशी आपल्या हातात आहे. पेणच्या नाल्यात टाकलेले भोगावतीतून खाडीत जाते आणि खाडीतून समुद्रात. रोह्याच्या घाटावर सोडलेले कोर्लईच्या खडकाला लागते. नदी हा असा टपाल्या आहे, की तो दिलेले सगळे पोचवतो, काही परत आणत नाही.

या चपट्या कृमींचा अभ्यास आपल्या देशात अजून थोडाच झाला आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात लक्षद्वीपच्या प्रवाळांवरच्या चपट्या कृमींच्या नव्या नोंदी प्रसिद्ध झाल्या त्या २०११ साली. मग पेण-रोह्याच्या एखाद्या शाळेने आपल्या जवळच्या खडकाची वही का ठेवू नये? महागड्या उपकरणांची गरज नाही. तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, दगड कुठला होता, खाली काय दिसले, त्याचा रंग आणि लांबी, एवढे लिहावे. एक चित्र काढावे किंवा फोटो घ्यावा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा जावे. पाऊस गोड्या पाण्याने काय धुऊन नेतो आणि दिवाळीनंतर कोण परत येते, हे पाच वर्षांच्या वहीत आपोआप दिसू लागेल. विज्ञान म्हणजे दुसरे काय? नीट पाहणे, खरे लिहिणे, आणि पुन्हा जाऊन पाहणे.

आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर मुलांच्याच अक्षरात एक ओळ लिहून ठेवा: ‘आम्ही उलटलेला प्रत्येक दगड आम्ही परत पालथा घातला.’